सिरोंच्यास जेवावें कोठें?

मुक्कामाचें कसेंहि भागेल, पण जेवणाचें काय, हा आमच्या घरांतील प्रत्येक प्रवासाचा पहिला प्रश्न. त्यांतून सिरोंच्यासारखें दूरचें गांव! गडचिरोलीहून दक्षिणेस सुमारें दोनशें किलोमीटर, आणि पुष्कळशी वाट अरण्यांतून. ज्यांच्या मनांत संगमस्नान व कालेश्वराचें दर्शन असेल, त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून आमचा अनुभव येथें सांगतों.

वर्धा व वैनगंगा एकत्र होऊन जी नदी होते ती प्राणहिता. प्राणांचें हित करणारी, असा तिच्या नांवाचा सरळ अर्थ. सिरोंचा तिच्याच कांठीं वसलें आहे. जवळच ती गोदावरीस मिळते, आणि पलीकडे तेलंगणांत कालेश्वराचें देऊळ आहे. तेथें एकाच पीठावर दोन लिंगें आहेत. गुरु मीन राशींत गेला म्हणजे, बारा वर्षांनीं, प्राणहितेचें पुष्कर येतें. मागील पुष्कर १३ ते २४ एप्रिल २०२२ या दिवसांत झालें; त्या वेळीं आम्ही उभयतां गेलों होतों.

आतां मूळ विषयाकडे वळूं. आलापल्लीस पोंचल्यावर पोटभर खाऊन घ्यावें. पुढील शंभरएक किलोमीटरांत मनासारखें जेवण मिळेलच असें नाहीं. सिरोंच्यास सकाळीं इडली, वडा, उपमा असा फराळ घ्यावा. बरोबरची चटणी बहुधा शेंगदाण्याची असते व ती तिखट असते. लहान मुलांस बेतानें द्यावी. दुपारीं साध्या भोजनालयांत भात, वरण व दही घ्यावें. सामिष व निरामिष एकाच चुलीवर शिजत असेल, तर ज्यांस तें चालत नाहीं त्यांनीं बसण्यापूर्वींच विचारावें. विचारल्याचा तेथें कोणी राग मानीत नाहीं. रात्रीं मात्र उशीर करूं नये.

येथील बोलण्यांत मराठी, तेलुगु व गोंडी अशा तिन्ही भाषा आहेत, पण ताट बरेंचसें तेलुगु. वरणास 'पप्पू' म्हणतात, दह्यास 'पेरुगु'. 'चारु' हा शब्द आम्हीं जन्मभर मुलांस 'सुंदर' या अर्थाचें विशेषण म्हणून शिकविला. येथें तो चिंचेच्या पातळ साराचें नाम आहे, आणि सार उत्तम असेल तर दोन्ही अर्थ जुळतात! 'गोंगूरा' म्हणजे आपलीच अंबाडी. आपण तिची कण्या घालून भाजी करतों, ते तिची झणझणीत चटणी करतात. भातास ते 'अन्नम्' म्हणतात.

या अन्नम् शब्दानें आम्हांस एक जुनी गोष्ट आठवते, ती सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं.

१९८९ सालीं आम्ही प्रथम सिरोंच्यास गेलों. तेव्हां पूल नव्हता; कालेश्वरास नावेनें जावें लागे. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं मोठ्या अगत्यानें घरीं नेलें व पान मांडलें. त्या घरची जात कोणती हें आम्हांस ठाऊक नव्हतें. विचारण्याची लाज वाटली, आणि जेवण्याचें धैर्य झालें नाहीं. "आज उपास आहे," असें सांगून दोन केळीं व पेलाभर दूध घेतलें, आणि नदीकांठीं जाऊन बरोबरच्या दशम्या सोडल्या.

पुष्कराच्या वेळीं तें घर शोधीत गेलों. वडील निवर्तले होते. विद्यार्थी नोकरीनिमित्त परगांवीं होता. त्याच्या पत्नीनें पाट दिले, आणि आमच्यापुढें केळीं व दूध ठेविलें. म्हणाली, "मामंजी सांगायचे, गुरुजी दुसऱ्यांच्या घरचं जेवत नाहीत."

म्हणजे उपासाचें आमचें असत्य त्या वृद्धानें त्याच दिवशीं ओळखलें होतें, आणि तरीहि आमचा नियम म्हणून तें घरांत आदरानें सांगितलें होतें! तेहेतीस वर्षांत आम्हांस एवढी शरम कधीं वाटली नव्हती.

आम्हीं म्हटलें, "सूनबाई, आज उपास नाहीं. घरांत असेल तो भात वाढा."

ती क्षणभर आमच्या मंडळींकडे पाहत राहिली. त्यांनीं मान हालविली, तेव्हां ती आंत गेली. गरम अन्नम्, पप्पू, अंबाडीची चटणी व दही, एवढेंच पान होतें. चारु आम्हीं दोनदां मागून घेतला. ज्यांनीं प्रथम बोलाविलें होतें, ते मात्र वाढावयास नव्हते.

तेव्हां सिरोंच्यास जेवावें कोठें, याचें आमचें उत्तर असें: सकाळीं फराळाच्या दुकानांत, दुपारीं भोजनालयांत, आणि कोणीं अगत्यानें घरीं बोलाविलें तर त्याच्या घरीं. दशम्या अवश्य बरोबर घ्याव्या, कारण अरण्याची वाट लांब आहे; पण त्या वाटेंतच संपवाव्या.