नाण्यावरचा सूर्य

आरंभीच्या ख्रिस्ती काळाची रोमन नाणी जमवायची, तर सुरुवात क्रूसाच्या नाण्यापासून करू नये, असं माझं ठाम मत आहे. पहिला मान तिबेरियसच्या चांदीच्या डेनारियसचा. कर द्यावा की नाही, असं विचारल्यावर येशूने जे नाणं मागून घेतलं ते हेच, असं संग्राहक परंपरेने मानतात. एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसरीकडे हातात फांदी घेऊन बसलेली स्त्री. आणि हीच नाणी मिऱ्यांच्या मोबदल्यात आपल्याकडेही आली. कोइमतूर, करूरकडे ती सापडली. नलगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्लीच्या ठेव्यात तर ऑगस्टस आणि तिबेरियसची किती तरी. खापरखेड्यात बसून जेरुसलेमचा विचार करताना वाटतं, मधली बरीच वाट या नाण्याने आधीच तुडवली आहे.

पिलाताचं तांब्याचं नाणं अंगठ्याच्या नखाएवढं, कडा वेड्यावाकड्या. त्यावर पिलाताचं नाव नाही, सम्राटाचं आहे; शकुन पाहणाऱ्या रोमन पुरोहिताची वाकडी काठी आहे, आणि तिबेरियसच्या कारकिर्दीचं सतरावं किंवा अठरावं वर्ष. म्हणजे इ. स. ३० च्या आसपासचं. ज्याच्या हुकमाने क्रूस उभा राहिला, त्याचंच हे नाणं ज्यूंच्या बाजारात या हातातून त्या हातात फिरत होतं. पुढे ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळातल्या सम्राट डेसियसच्या नाण्यावर मात्र छळाची खूणही नसते.

माझा जीव अडकतो तो कॉन्स्टंटाइनपाशी. ३१३ साली ख्रिस्ती लोकांना मोकळीक मिळाली, पण त्याच्या नाण्यांवरचा सूर्यदेव लगेच उतरला नाही. उजवा हात उंचावलेला, डाव्या हातात पृथ्वीचा गोल, असा तो पुढेही काही वर्षं छापला जात राहिला. ग्रीकमधल्या ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन अक्षरं एकात एक गुंफून केलेलं चिन्ह घेऊन निशाण सापाला भोसकतं, ते कॉन्स्टँटिनोपलचं नाणं ३२७ चं. ते दुर्मीळ, माझ्या आवाक्यातलं नाही. सूर्याचं मात्र मिळतं, आणि मला तेच अधिक मोलाचं वाटतं. श्रद्धा बदलताना माणूस जुन्या देवाचा हात किती हळू सोडतो, ते बोटांना कळतं. त्याच सुमारास इकडे विदर्भात वाकाटक प्रवरसेन अश्वमेध करत होता, हे आठवलं की सूर्याकडे पुन्हा बघावंसं वाटतं.

इथे वीजकेंद्राची राख खिडकीच्या गजांवर बसते आणि पावसाळ्यात हवा ओली होते. जुन्या तांब्याला दोन्ही वैरी. भेटायला येणारे आपुलकीने सांगतात, चिंच लावून घासा, लखलखेल. घासू नये. तो हिरवा-तपकिरी थर शतकांनी चढवलेला असतो, तो गेला की नाण्याचा चेहराच जातो. स्वस्त प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटांतही ठेवू नये.

आणि नाणं कुठून आलं ते विचारल्याशिवाय घेऊ नये. जमिनीत ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा, हा कायदा १८७८ पासून आहे. जवळच्याच सिलेवाड्याच्या वालुकाश्मातून स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने झाडपाल्याचे जीवाश्म गोळा केले होते. दगड कुठल्या थरातला हे माहीत नसेल, तर त्याची अर्धी गोष्ट संपते. नाण्याचंही तसंच. ठेवा फुटून विकला गेला की कोणतं नाणं कोणाच्या शेजारी पुरलं होतं, हे कायमचं बुडतं.

आता सम्राट मॅग्नेंशियसचं नाणं हवं आहे. ३५३ च्या सुमाराचं, पाठीवर भरून ख्रिस्ताच्या नावाचं ते चिन्ह असलेलं. त्यानंतरची जागा ज्युलियनची. हा कॉन्स्टंटाइनचा पुतण्या जुन्या देवांकडे परतला; त्याने ३६१ ते ३६३ राज्य केलं आणि नाण्यावर बैल कोरवला. ख्रिस्ती संग्रहात याचं काय काम, असं एका स्नेह्यांनी विचारलं. त्याच्यावाचून हा संग्रह खोटा होईल, असं मी त्यांना सांगितलं.