बुरीरम : रम्यपुरी आणि तिचा फुटबॉल संघ

थाई भाषेत क्लब या अर्थी ‘समोसोन’ असा शब्द आहे. तेथील प्रमाण शब्दकोश त्याचे मूळ पालीतील ‘समोसरण’ आणि संस्कृतातील ‘समवसरण’ असे देतो. आपल्या आगमांच्या अर्धमागधीतही ‘समोसरण’ हेच रूप आढळते. आपल्यासाठी हा शब्द तीर्थंकरांच्या देशनासभेचा. देव, मनुष्य आणि तिर्यंच जन्मजात वैर विसरून जेथे एकत्र बसतात त्या सभेचा. बौद्ध ग्रंथांबरोबर तो सयाम देशी पोहोचला, तेथे ‘एकत्र जमण्याचे ठिकाण’ एवढाच साधा अर्थ त्याच्यापाशी राहिला, आणि आज तो फुटबॉल संघांच्या नावांआधी लावला जातो. बँकॉकच्या सिलोम भागात रत्नांचा व्यापार करणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या कानांवरून तो रोज जात असेल.

बँकॉकहून ईशान्येकडे जाणाऱ्या रेल्वेने निघाले की ज्या प्रदेशात आपण शिरतो त्याचे नावच ईसान, म्हणजे आपली ईशान्य दिशा. वाटेत नाखोन रत्चसीमा हे मोठे शहर लागते. त्यात ‘नगर’ आणि ‘राजसीमा’ हे शब्द सहज ओळखू येतात. पुढे दोन्ही बाजूंना सपाट भातखाचरे, मधूनच एखादी म्हैस. बँकॉकपासून सुमारे 400 किलोमीटरवर बुरीरम येते. हे नावही ‘पुरी’ आणि ‘रम्य’ यांचेच. थाई लिपीत शेवटचा ‘य’ आजही लिहितात, फक्त उच्चारत नाहीत.

नाव रम्य असले तरी या मुलखाची जुनी ख्याती अवर्षणाची आहे. ‘बुरीरमकर पाणी कुटून पितात’ अशी थाई भाषेत म्हण आहे. तळी आटल्यावर तळाचा चिखल आणून, त्यातून गाळून पाणी काढावे लागे, यावरून ती पडली. ज्याने मराठवाड्यातील शाखांत उन्हाळे काढले आहेत, त्याला या म्हणीचा अर्थ विचारावा लागत नाही. घरटी एक माणूस बँकॉकला मजुरीस गेलेला, शेती पावसाच्या भरवशावर, असा हा जिल्हा. अशा ठिकाणी आशियातील मातब्बर संघांना हरवणारा फुटबॉल क्लब कसा उभा राहिला, हे समजून घेण्यासारखे आहे.

थायलंडमधील फुटबॉल दीर्घकाळ राजधानीच्या कचेऱ्यांचा खेळ होता. त्यातही बँकांचा. हे वाचून बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला कौतुक वाटणारच. 1996-97 मध्ये सुरू झालेल्या थाई लीगचे पहिले विजेतेपद बँकॉक बँकेच्या संघाने मिळवले. त्याआधी थाई फार्मर्स बँकेच्या संघाने 1994 आणि 1995 अशी लागोपाठ दोन वर्षे आशियाई क्लब स्पर्धा जिंकली होती. (या बँकेचे आजचे नाव कसिकोन, त्यात पालीतील ‘कसिकर’, म्हणजे कृषिकर, लपलेला आहे.) पुढे क्रुंग थाई बँकेने दोनदा लीग जिंकली. आपल्याकडेही बँका आणि रेल्वे क्रीडा कोट्यातून खेळाडू घेत. त्यातलाच हा प्रकार. परंतु अशा संघांना पगार असतो, प्रेक्षक नसतात. 1997 च्या आर्थिक संकटात बँका हादरल्या आणि 2000 मध्ये दोन वेळचा आशियाई विजेता संघ विसर्जित झाला. खर्चाच्या यादीतील एक ओळ खोडावी, तसा.

बुरीरमच्या क्लबचा उगमही अशाच कचेरीत आहे. 1970 मध्ये प्रांतिक वीज प्राधिकरणाने आपल्या कर्मचाऱ्यांचा संघ काढला. हा संघ बँकॉकचा. प्राधिकरणाच्या थाई नावात ‘भूमिभाग’ हा शब्द आहे, पण त्या भूमिभागातील कोणी हा संघ आपला मानत नसे. 2006 च्या आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये त्याला जागा मिळाली होती. खेळाडूंची नोंदणी मुदतीत न पोहोचल्यामुळे ती गेली. सरकारी कामकाज सर्वत्र सारखेच! तरीही 2008 मध्ये याच संघाने लीग जिंकली. मधल्या काळात तो जुन्या राजधानीत, अयुथ्या येथे खेळत असे. अयुथ्या म्हणजे अर्थातच अयोध्या.

याच सुमारास आशियाई महासंघाने व्यावसायिक क्लब स्वतंत्र कंपनी म्हणून नोंदलेले असावेत, असा आग्रह धरला. सरकारी खात्यांना आणि बँकांना हे ओझे नकोसे झाले. क्रुंग थाई बँकेचा संघ एका काच कारखान्याने घेतला. वीज प्राधिकरणाचा संघ 2009 च्या अखेरीस नेविन चिदचोब यांच्याकडे आला.

हे गृहस्थ मूळचे बुरीरमचे, राजकारणात मुरलेले. वडील चाई चिदचोब संसदेचे सभापती होते. ब्रह्मदेशाचे सेनापती ने विन यांच्यावरून वडिलांनी मुलाचे नाव ठेवले. 2007 मध्ये त्यांचा पक्ष न्यायाधिकरणाने विसर्जित केला आणि 111 पदाधिकाऱ्यांना पाच वर्षे राजकारणातून दूर ठेवले. त्यांत नेविनही होते. त्या सक्तीच्या रिकाम्या वर्षांत त्यांनी फुटबॉल हाती घेतला. त्यांच्याविषयी थायलंडमध्ये दोन टोकांची मते आहेत. त्या वादात मी पडत नाही, क्लबपुरते बोलतो.

संघ बुरीरमला आणला गेला. खेळाडू, लीगमधील जागा, सारे काही चालत्या दुकानासारखे उचलून. 2010 मध्ये तो दुसरा आला, 2011 मध्ये लीग आणि देशातील दोन्ही चषक जिंकले. गावाचा स्वतःचा ‘बुरीरम एफसी’ नावाचा दुसरा संघही त्याच घराण्याकडे होता आणि तोही त्या वर्षी वरच्या श्रेणीत पोहोचला. एका घरात दोन संघ कसे ठेवणार? 2012 मध्ये वीज प्राधिकरणाचा संघ ‘बुरीरम युनायटेड’ झाला आणि दुसऱ्याची जागा दूर दक्षिणेतील सोंगख्लाला विकली गेली. सोंगख्लाचा संघ 2014 अखेर खालच्या श्रेणीत घसरला. व्यापारी वाचकांना पगडी देऊन घेतलेल्या गाळ्याची गोष्ट माहीत असते: जागा मिळते, गिऱ्हाईक मिळतेच असे नाही.

बुरीरमला मात्र गिऱ्हाईक मिळाले, आणि ते का मिळाले हे गावात हिंडताना दिसते. गावाच्या दक्षिणेस काओ क्रादोंग नावाची विझलेल्या ज्वालामुखीची टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी 2011 मध्ये 256 दिवसांत स्टेडियम उभे राहिले. धावण्याचा मार्ग न ठेवल्यामुळे प्रेक्षक मैदानाला अगदी लागून बसतात. क्लबच्या बोधचिन्हावर वीज कंपनीची कोणतीही खूण नाही. तेथे फनोम रुंगचे मंदिर आहे.

हे मंदिर जिल्ह्यातच, आणखी एका मृत ज्वालामुखीच्या माथ्यावर आहे. दहाव्या ते तेराव्या शतकांत ख्मेर राजवटीत बांधलेले शिवालय. वर्षातून काही ठरावीक दिवशी सूर्य त्याच्या पंधरा दारांतून आरपार दिसतो. दारावरील शेषशायी विष्णूची शिळा 1960 च्या दशकात चोरीस गेली आणि पुढे शिकागोच्या कलासंग्रहालयात आढळली. थाई जनतेने मोठी चळवळ केली. 1988 मध्ये शिळा परत येऊन आपल्या जागी बसली. आपले हरवलेले परत मिळवल्याची ही आठवण ज्या गावापाशी आहे, त्याच्या खेळाडूंच्या छातीवर ते मंदिर आले. संघाला लोक ‘प्रासात साइफा’ म्हणतात, म्हणजे विजेचा प्रासाद. आभाळातली वीज, बिलाची नव्हे.

सामन्याच्या दिवशी निळा सदरा घातलेल्या आजीबाई नातवंडांसह येतात. हे सदरे क्लब स्वतःच्या नावाने बनवून विकतो. नफा परक्या कंपनीला जात नाही. शेजारी 2014 मध्ये मोटार शर्यतींचा 4.554 किलोमीटरचा मार्ग झाला आणि 2018 पासून मोटोजीपीची जागतिक शर्यत तेथे भरू लागली. पूर्वी फनोम रुंगला जाणारे प्रवासी बुरीरम गावात थांबत नसत. आता खोल्या मिळत नाहीत. स्टेडियमवर मात्र ‘चांग’ हे नाव आहे. चांग म्हणजे हत्ती, पण येथे अभिप्रेत आहे ती बीअर. आपल्या घरांत हे रुचणार नाही, मलाही रुचले नाही. भोजनाबाबत एक उपयुक्त सूचना: पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेल्या दुकानात मांस तर नसतेच, कांदा-लसूणही नसतो. कंदमुळांचे तेवढे विचारून घ्यावे.

खेळातील कमाई मोठी आहे. 2012 मध्ये या संघाने घरच्या मैदानावर जपानच्या काशिवा रेसोलला आणि चीनमध्ये जाऊन ग्वांगझू एव्हरग्रांडला हरवले. 2013 मध्ये आशियाई स्पर्धेची उपउपांत्य फेरी गाठली. 2015 च्या लीगमध्ये 34 सामन्यांत एकही पराभव नाही. पण 2019 ची हकिकत मला अधिक आवडते. शेवटच्या दिवशी बुरीरमला विजय हवा होता. चिआंगमाईत अखेरच्या क्षणी बरोबरी झाली. चिआंगराई आणि बुरीरम, दोघांचे 58 गुण. परस्परांतील सामन्यांवरून चषक चिआंगराईला गेला. म्हणजे पैसा असला तरी निकाल बांधलेला नाही.

कर्ज मंजूर करणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर या साऱ्यात दोन गोष्टी खटकतात. सारे एका घराण्यावर टेकलेले आहे. नेविन यांचा जन्म 1958 चा. दुसरी गोष्ट जमिनीची. काओ क्रादोंगच्या परिसरातील 5,083 राय, म्हणजे सुमारे 2,000 एकर, जमीन आपली आहे असा राज्य रेल्वेचा दावा आहे आणि त्यात स्टेडियमही येते. हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. जमिनीचे कागद स्वच्छ नसतील तर मी तारण स्वीकारले नसते. पण आजीबाईंचा निळा सदरा कोणत्या कागदात येतो, हेही मला सांगता आले नसते. खाते बंद झाले म्हणून बँकांच्या संघांसाठी कोणी रडले नाही. येथे गाव रडेल.

2024-25 अखेर लीगची विजेतेपदे किती, यावर एक गमतीचा हिशेब आहे. वीज प्राधिकरणाचे 2008 चे विजेतेपद धरले तर 11, न धरले तर 10. बुरीरममध्ये तेव्हा तो संघ कोणी पाहिलाही नव्हता. मी खतावणी लिहीत असतो तर पहिल्या ओळीवर ‘मागील पानावरून पुढे आणलेली शिल्लक : एक’ असे मांडले असते आणि शेजारी ज्याच्याकडून आणली त्याचे नावही लिहिले असते.