किर्लोस ते किर्लोस्करवाडी

‘आपली आडनावं कुठून आली’ यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. वाचकांना मात्र बहुधा वेगळंच ऐकायचं असतं: आपण कुठल्या राजाचे वंशज? ज्योतिषाकडे जावं तसे लोक आमच्याकडे येतात आणि राजयोग निघाला नाही की नाराज होतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की व्युत्पत्ती शब्दाचं मूळ सांगते, रक्ताचं नाही. त्यासाठी पलूस तालुका ओलांडायचीही गरज नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कारखाना आणि वसाहत उभारली. रेल्वेच्या कुंडल रोड स्थानकाचंही पुढे किर्लोस्करवाडी झालं. पण घराण्याचं नाव आलं ते कोकणातल्या किर्लोस गावावरून, आणि लक्ष्मणराव जन्मले बेळगावकडच्या गुर्लहोसूरला. नाटककार अण्णासाहेबही तिथलेच. म्हणजे ‘कर’ राहतं गाव सांगत नाही, सोडलेलं सांगतो. किर्लोसात राहून किर्लोस्कर म्हणवण्यात काय अर्थ? तिथे सगळेच किर्लोसचे! शिवाय एकाच गावातून निरनिराळ्या जातींची घराणी बाहेर पडली, तर ती सगळीच त्या गावची ‘कर’ होतात, भाऊबंद होत नाहीत. (किर्लोस्करवाडी सोडून गेलेल्या कुणी ‘किर्लोस्करवाडीकर’ लावलं, तर पुढच्या अभ्यासकांची चांगलीच पंचाईत होईल.)

यावर ठरलेला आक्षेप येतो: ‘कर’चं ठीक, पण मोरे म्हणजे मौर्य आणि जाधव म्हणजे यादव, हे तरी नाकारणार का? नाही नाकारत. संस्कृतातल्या शब्दारंभीच्या ‘य’चा ‘ज’ होणं हा प्राकृताचा नेमच आहे, यात्रेची जत्रा होते तशी. मौर्याचं प्राकृतात ‘मोरिय’ आणि त्यापुढे ‘मोरे’, ही वाटही सरळ आहे, जरी मोर पक्षीही त्याच वाटेवर उभा असला तरी. त्यासाठी अशोकापर्यंत जायलाही नको. 634 सालच्या ऐहोळे शिलालेखात पुलकेशीने कोकणातले मौर्य जिंकल्याचा उल्लेख आहे. पण ध्वनींची साखळी जुळली म्हणून पिढ्यांची जुळत नाही. त्या मौर्यांपासून शिवकाळातल्या जावळीच्या मोऱ्यांपर्यंत हजार वर्षं जातात, आणि राजवंशाचं नाव त्याच्या आश्रयाला असलेलेही लावतात. स्कॉटलंडच्या गेलिक आडनावांत ‘मॅक’ म्हणजे मुलगा. मॅकडोनाल्ड हा डोनाल्डचा मुलगा खरा, पण त्या सरदारांची कुळं आणि आश्रित यांनीही तेच नाव घेतलं. मॅकिंटायर म्हणजे सुताराचा मुलगा. ते सगळे एकाच सुताराचे वंशज, असं कुणी शहाणा म्हणणार नाही. आपल्याकडे मात्र असं बोललं की भावना दुखावतात, आणि खरं सांगायचं तर आता वाद घालायचाही कंटाळा येतो.

पाटील, कुलकर्णी यांच्याबद्दल फार लिहायला नको. ते हुद्दे. कुलकर्णी वतन 1950च्या कायद्याने गेलं, मुलकी पाटीलकी 1962च्या, आडनावं राहिली. शेजारच्या दोन गावांतले पाटील एका घराण्याचे असतीलच असं नाही, आणि जुन्या कागदांत त्यांची मूळ आडनावं अनेकदा निराळी सापडतात. ज्यांना खरोखर नातं शोधायचं आहे, त्यांनी शब्दकोश मिटून वतनाचे कागद काढावेत आणि घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांच्या वह्या वाचून घ्याव्यात. त्या वह्यांत अगदी वर राजा किंवा देव आला तर तो यजमानाच्या दक्षिणेचा मान समजावा. अलीकडच्या पिढ्यांची नावं मात्र सात-बाराच्या जुन्या फेरफारांशी जरूर ताडून पाहावीत.