एका कुपींतले तिघे

भिवंडीजवळ राहनाळ येथें माझा भाचा एका गोदामांत मालाची चढउतार करतो. मुंबईची जकात टाळण्यासाठीं या बाजूला गोदामें उठलीं. २०१७ सालीं जकात गेली, गोदामें मात्र राहिलीं. गेल्या महिन्यांत एका रविवारीं मी त्याच्याकडे गेलों, तेव्हां त्यानें खिशांतून बोटाच्या पेराएवढी एक कांचेची कुपी काढून माझ्यापुढें ठेविली. तळाशीं चिमूटभर पांढरी भुकटी होती. चिठ्ठीवर तीन पेप्टाइडांचीं नांवें, आणि खालीं बारीक अक्षरांत एवढेंच, कीं हें मिश्रण प्रयोगशाळेंतील संशोधनासाठीं आहे, माणसांसाठीं नाहीं.

"मामा, खांदा दोन महिने दुखतो आहे. व्यायामशाळेंतला मित्र म्हणतो, हें टोचून घे. तुम्हीं असल्या वस्तूंवर काम केलें आहे. घेऊं का?"

उत्तर द्यावयाचें सोडून मीं चहा मागितला. त्या कुपीनें मला माझीच एक जुनी फजिती आठवून दिली होती.

पेप्टाइड म्हणजे अमायनो आम्लांची लहानशी सांखळी. इन्सुलिनमध्यें अशा ५१ कड्या असतात, ग्लुकॅगॉनमध्यें २९. पेशीच्या अंगावर विशिष्ट सांखळी ओळखणारे ग्राही असतात. सांखळी त्यांना बिलगली, कीं निरोप आंत पोंचतो आणि पेशी आपलें वागणें बदलते. आंतड्यांतून निघून रक्तावाटे स्वादुपिंडाला जागें करणारा असा एक निरोप्या बेलिस व स्टार्लिंग यांनीं १९०२ सालीं लंडनमध्यें दाखवून दिला. पुढें १९६३ सालीं मेरिफील्डनें राळेच्या कणांवर एकेक कडी जोडीत सांखळी घडविण्याची रीत काढली, आणि हवा तो निरोप्या घडवून घेणें सोपें झालें.

विद्यार्थिदशेंत मींही असेच तिघे एकत्र करून पेशींवर घातले. पेशी भराभर वाढल्या. मी वही घेऊन गुरुजींकडे धांवलों. त्यांनीं एकच प्रश्न केला, "या तिघांपैकीं बोललें कोण?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. एकटाच बोलला असेल, दोघांनीं मिळून आवाज चढविला असेल, किंवा एकजण दुसऱ्याचें तोंडही दाबीत असेल. यकृताला इन्सुलिन म्हणतें, साखर सांठव. ग्लुकॅगॉन म्हणतें, सोड. दोन्हीं एकत्र ओतलीं तर हातीं केवळ वजाबाकीची बाकी येते. गुरुजींनीं मला आठ बशा मांडावयास लाविलें: एक कोरी, तीन एकेकाच्या, तीन जोड्यांच्या आणि एक तिघांची. चार पेप्टाइडें असतीं तर १६ बशा, पांच असतीं तर ३२. तीन महिन्यांनीं कळलें, कीं सारें काम एकट्याचें होतें. दोघे नुसते सोबतीला आले होते.

म्हणून मिश्रणें व्यर्थ, असें मात्र नव्हे. शरीरांत पेशीच्या कानीं एकच निरोप असा कधीं पडत नाहीं. तो कोलाहल समजावा म्हणूनच प्रयोगशाळेंत मिश्रण हवें. पण आधीं प्रत्येकाचा आवाज ओळखीचा हवा.

हें सर्व मीं भाच्याला सांगितलें. तो शांतपणें म्हणाला, "तुम्हांला आठ बशा मिळाल्या, मामा. मला खांदा एकच. आणि काम बंद, तर रोज बंद."

यावर मी निरुत्तर झालों. चिठ्ठीवरची सूचना मला पुरेशी होती. ज्याची चूल रोजावर पेटते त्याला ती पुरत नाहीं, हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. सोमवारीं त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं सहा आठवडे ओझें उचलूं नको म्हणून सांगितलें. त्या दिवसांच्या रोजाचा कांहीं भाग मीं दिला. उपदेश महाग पडला. पण त्यावांचून तो ऐकला गेला असता, असें मला वाटत नाहीं.

कुपी माझ्या कपाटांत आहे. भुकटीचा दोष नाहीं. तिला आठ बशा हव्यात, आणि माणसापाशीं देह एकच असतो.