आईच्या नावावरचे वजन

प्रिय सखी,

मुंबईच्या ससून गोदीतील कोळंबी सोलणाऱ्या मुलांविषयी एक अर्ज मी सरकारदरबारी रुजू करणार आहे, आणि तुझा जबाब जोडल्यावाचून तो मला अपुरा वाटतो.

१८७५ साली बांधलेल्या त्या गोदीत पहाटेचा लिलाव उरकून बर्फातली कोळंबी कंत्राटदाराच्या शेडमध्ये आली, म्हणजे मच्छीमारनगरच्या झोपड्यांतून आयांच्या मागोमाग येऊन, उकिडव्या बसून आपण जी सोलणी करीत असू, तिची नोंद कोणत्याही हजेरीपटात झाली नाही. कारण मजुरी वजनावर, वजन आईच्या नावावर, आणि मुकादमाला कर्तव्य तराजूशी, टोपलीत कोणाची बोटे राबली याच्याशी नव्हे. कोळंबीच्या डोक्यावरील करवती काटा नखाच्या मुळाशी रुतला तरी बर्फाने बधिर झालेल्या बोटाला ते तत्काळ कळत नसे. कळे ते दुपारी वर्गात, लेखणी धरताना. तुझे बोट पिकले तेव्हा तुझ्या वाट्याची कोळंबी सोलून मी हळूच तुझ्या आईच्या घमेल्यात लोटीत असे, आणि तू त्याच वेळी माझ्याकडून पाढे म्हणवून घेत असस. त्या शेडमध्ये आपल्या हक्काचे असे एवढेच होते.

चौथीनंतर तुझे नाव पटावरून कमी झाले, माझे राहिले. तू माझ्याहून हुशार. पण सोलणीला बसायला माझ्या घरी थोरली बहीण होती, तुझ्या घरी धाकटी भावंडे.

१९८६ च्या बालमजुरीविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्याची सरसकट मनाई झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु शाळा सुटल्यावर वा सुटीत कुटुंबाच्या धंद्यात हातभार लावण्याची जी मुभा त्यात आहे, तिच्या आडोशाने परक्याच्या मालावरची मजुरीही ‘आईला मदत’ या सदरात खपवता येते. शिवाय बोटी काही शाळेचे वेळापत्रक पाहून धक्क्याला लागत नाहीत. धाड घालून मुले उठवली की टोपली हलकी होते, दर मात्र तोच राहतो, आणि तूट त्या बाईच्या पोटावर येते. म्हणून माझी मुख्य मागणी दराची आहे: एका स्त्रीच्या दोन हातांवर घर चालेल असा.

तुझ्या आईची टोपली तू बसलीस की किती भरे आणि तुझ्यावाचून किती, एवढेच आठवून लिही, आणि खाली सही कर. दिवाळीच्या आत मिळाले तर बरे. काकींस माझा नमस्कार सांग.

तुझी,
बालमैत्रीण