अणूला कड नसते

आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक. एक लातूरला, एक नांदेडला. 'लातूर पॅटर्न'चा दबदबा दोन्हीकडे असा की, कनिष्ठ महाविद्यालयाच्या विज्ञान वर्गात मराठीचा तास म्हणजे मुलांच्या लेखी रसायनशास्त्राची उजळणी करण्याची हक्काची जागा. लातूरच्या वर्गातील एका मुलीने मध्यंतरी तास संपल्यावर विचारले, "सर, ॲटॉमिक रेडियस म्हणजे अणुत्रिज्याच ना?" दहावीला 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' हा धडा तिने मराठीतून शिकला होता. अकरावीत माध्यम बदलले आणि ओळखीचे अणूही परके झाले. 'हो' म्हणालो. तिचा पुढचा प्रश्न मात्र झेपला नाही: इलेक्ट्रॉन वाढतात, तरी अणू लहान का होतो?

संध्याकाळी नांदेडला फोन झाला आणि दोन्हीकडे दहावीचे पुस्तक उघडले गेले. लिथियमची त्रिज्या १५२ पिकोमीटर. त्याच आवर्तात उजवीकडे बेरिलियम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६. दर पावलाला केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो आणि बाहेर एक इलेक्ट्रॉन. पण हा इलेक्ट्रॉन जुन्याच कवचात येतो. एका कवचातले सोबती केंद्रकाची ओढ परस्परांपासून फारशी अडवू शकत नाहीत, म्हणून अणू आवळत जातो. गणात खाली उतरताना मात्र दर वेळी नवे कवच. लिथियमखालचा सोडियम १८६ भरतो. आम्ही एकत्र कुटुंबाच्या वाड्याचा दृष्टान्त योजून पाहिला. माणसे वाढली म्हणून वाडा काही आकसत नाही. (दृष्टान्ताची खोड आम्हांला धंद्यामुळेच लागलेली.)

आम्हांला खरे अडवले ते निऑनने. आवर्ताच्या शेवटी तो एकदम मोठा दिसतो. कारण अणूला कड नसते, इलेक्ट्रॉनांचा ढग विरत जातो. म्हणून जोडलेल्या दोन अणूंच्या केंद्रकांमधले अंतर मोजून निम्मे करतात. निऑन कुणाशी जोडलाच जात नाही. त्याचे माप नुसत्या टेकलेल्या शेजाऱ्यावरून घ्यावे लागते. माप निराळे, आणि तुलना मात्र एकाच ओळीत! कादंबरीची फूटपट्टी ओवीला लावून ओवी तोकडी ठरवणारी टिपणे आम्हीही लिहिली आहेत.

दुसऱ्या दिवशी तिला हे सारे मराठीतून सांगितले. तिने इंग्रजी शब्दाशेजारी 'अणुत्रिज्या' लिहिले, निऑनभोवती पेन्सिलीने गोल केला आणि ती शिकवणीला पळाली.