कट्ट्याहून मालवणात

कट्ट्याहून चौक्यामार्गे मालवण गाठलं. बहुतेक पाहुणे थेट तारकर्लीच्या वाळूकडे धावतात. मी मात्र आधी मोरयाच्या धोंड्यापाशी गेलो. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले. 25 नोव्हेंबर 1664 रोजी इथे पूजा करून शिवरायांनी समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. किल्ला पाहायचा तर सुरुवात इथूनच करावी, असं मला मनापासून वाटतं.

होडी तटाजवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही. वळलेल्या बुरुजांच्या आड तो असा लपलाय, की शत्रूला तोफ कुठे रोखावी ते कळूच नये. आत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या मंदिरात दाढी नसलेले, नावाड्याच्या वेशातले शिवराय! दर्यावर्दी माणसांना ते किती आपले वाटत असतील. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं. वाकून पाहिलं, तर दगडी कठड्याच्या सांधीत नेचा उगवलेला.

दुपारी देवबाग. एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. समुद्र किनारा खातोय, म्हणून दगडांचे बंधारे घातलेत. ते पाहून काळजात चर्र होतं. या पट्टीवर माणसांची घरं आहेत. नुसती पर्यटकांची सोय म्हणून तिच्याकडे पाहू नये. पुढच्या सुट्टीत आचऱ्याला, रामेश्वराच्या देवळात जायचंय.